पासंग

मागच्या नोव्हेंबरात मी माळ्यावर चढलो ते दहा किलोचं लोखंडी माप शोधायला. कशासाठी हवं होतं ते पुढं सांगतो, एकदम सांगायची हिंमत होत नाहीये असं समजा. माप सापडलं, ढेपेच्या रिकाम्या पोत्यांखाली, वर गंज चढलेला पण तळाशी वजनमाप खात्याचे शिक्के अजून बोटाला लागतात. त्याच्या बाजूला आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, काट्याची दांडी पडली होती, पारडी आणि साखळ्यांसकट, आणि एका साखळीला तारेनं आवळून बांधलेला एक गोटा. नदीतला साधा गोटा, बोराएवढा. आबाजींचा पासंग.

आता पासंग हा शब्द पोरांना फक्त मराठीच्या पेपरात भेटतो, 'पासंगाला न पुरणे, वाक्यात उपयोग करा' म्हणून. आम्ही पण तसाच केला आणि दोन मार्क घेतले. पण ही वस्तू खरीच असते. दोन्ही पारडी कधीच अगदी सारखी बनत नाहीत, एखादी कडी जाड होते, एखादं पारडं झिजतं, मग हलक्या बाजूला खडा बांधून काटा सिधा करतात तो पासंग. म्हणजे वाक्प्रचारात जी सगळ्यात फालतू वस्तू आहे ना, तिच्याचमुळं पुढचं सगळं वजन खरं होतं. हे मला वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी माळ्यावर बसून सुचलं, खाली बायको ओरडत होती की धूळ पडून राहिली म्हणून.

आबाजी तालुक्याच्या बाजार समितीत मापारी होते. तूर, ज्वारी, हरभरा, जे येईल ते मोजायचे. शेतकऱ्याची बंडी यायची, अडत्या भाव काढायचा, हमाल पोतं उचलायचे आणि आबाजी मोजायचे. वर तीन बल्ल्यांच्या तिवईला टांगलेला मोठा काटा. त्यांनी शेर आणि मण बघितले, मग १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि हळूहळू सगळं किलोवर गेलं तेही बघितलं. ते म्हणायचे की त्या दोन-चार वर्षांत लोकांना हिशोब उमगायचा नाही आणि ज्याला लुटायचं त्यानं सोन्यासारखे दिवस काढले.

माणूस म्हणून आबाजी कसे होते? खरं सांगायचं तर वाईट होते. म्हणजे तोंडानं. सकाळपासून शिव्या. अडत्याला शिव्या, शेतकऱ्याला शिव्या, बैलाला शिव्या, आम्हा पोट्ट्यांना तर विचारूच नका. गावात कोणी त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसायचं नाही. आणि शेजारचे एक काका होते, गोड इतके की रस्त्यात दिसले की विचारणार, काय बाबू, कसा हायेस, जेवला का, अन् याच काकांनी सख्ख्या भावाच्या दीड एकराला धुरा सरकवून सरकवून सव्वा एकर केलं. सव्वा काका गेले तेव्हा बस स्टॅन्डवर मोठा फ्लेक्स लागला होता, त्यावर 'सद्गुणी' असा शब्द होता. मी तो शब्द आमच्या भागात दोनच ठिकाणी बघितलाय, लग्नाच्या बायोडाट्यावर आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. मधल्या आयुष्यात तो कोणी वापरत नाही.

मधल्या आयुष्यात आपल्याकडं शब्द आहे नियत. नियत साफ पाहिजे. त्याची नियत फिरली. हे आपण उठता-बसता म्हणतो, आणि म्हणताना आपला समज असा असतो की चांगुलपणा आत कुठंतरी असतो, काळजापाशी, आणि तो साफ असला की बाहेरचं आपोआप होतं. आबाजींचा यावर काडीचा विश्वास नव्हता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, सुट्टीत त्यांच्यासोबत बाजारात गेलो होतो. सकाळी माल यायच्या आधी ते काटा तपासत होते. रिकामा काटा अगदी मधोमध उभा. मी म्हटलं, आबाजी, बरोबर आहे की. त्यावर एक शिवी देऊन म्हणाले, "रिकामा काटा त कोनाचाई सिधा उभा राह्यते. भरून पाह्य, अन् मंग पारडे बदलून पाह्य."

याचा अर्थ मला कॉलेजात फिजिक्स शिकताना कळला. दांडीच्या दोन बाजू कमी-जास्त लांबीच्या असल्या तरी पासंग बांधून रिकामा काटा मधोमध आणता येतो. दिसायला एकदम सरळ. पण माल टाकला की लांब बाजूवाला जिंकतो. डोळ्याला हे कधीच दिसत नाही. पकडायची एकच युक्ती, माप होतं तिथं माल ठेवायचा आणि माल होता तिथं माप. खरा काटा असेल तर फरक पडत नाही, खोटा असेल तर लगेच झोल उघडा पडतो. आबाजी हे रोज सकाळी करायचे. रोज. कोणी बघत नसताना, थंडीत, हात सुन्न झालेले असताना. आणि यात त्यांना फार मोठं काही वाटायचं असंही नाही, दात घासल्यासारखं करायचे.

ॲरिस्टॉटल नावाचा जुना ग्रीक माणूस हेच म्हणून गेला, आजपासून तेवीसशे वर्षांपूर्वी. त्याचं म्हणणं असं की घर बांधून बांधूनच माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवूनच वादक होतो, तसाच न्यायानं वागून वागूनच न्यायी होतो. आधी आत न्याय जमा होतो आणि मग बाहेर येतो असं नाही, आधी हात शिकतो. मला हे वाचलं तेव्हा एकदम आबाजींचा हात दिसला. म्हातारपणी नजर गेली होती त्यांची, पण गुळाची भेली फोडून आम्हा पाच नातवंडांत वाटायचे तर एकाच्याही वाट्याला जास्त जायचा नाही. तळहातावर घेऊन जरा झुलवायचे, आणि चिमूटभर काढून दुसऱ्याला. नियत वगैरे काही नाही, हाताला सवयच नव्हती दुसरी.

यावर एक जण हटकून म्हणेल की सवय म्हणजे चांगुलपणा कसा, बैलालाही सवय असते. हा प्रश्न खोटा नाही. कान्ट म्हणून जो जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेला त्यानं १७८५ साली दुकानदाराचं एक उदाहरण दिलंय, ते मला फार आवडतं कारण तो दुकानदार आमच्या गावातलाच वाटतो. दुकानदार हुशार आहे, लहान पोरगं आलं तरी त्याला फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव. चांगलंच आहे. पण का? तर नाव खराब झालं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. कान्ट म्हणतो, याचं वागणं बरोबर आहे पण त्यात नैतिक किंमत काही नाही, कारण ते कर्तव्य म्हणून केलेलं नाही, फायद्यासाठी केलंय.

हे मी एकदा घरी आईला समजावून सांगितलं, चहा पिता पिता. आमच्या गावात दोन किराणा दुकानं होती आणि आई मला लहानपणी कायम त्या कोपऱ्यावरच्याच दुकानात पाठवायची, कारण तो पोट्ट्याला कमी तेल देत नव्हता. मी म्हटलं, आई, तो धंद्यासाठी करत होता, म्हणून त्याला मार्क नाहीत. आई म्हणाली, "तुह्या त्या माणसाले कधी पाव तेल आनाले पाठवलं होतं का कोनी?"

झालं. कान्ट संपला. आणि खरंच बघा, तो वाणी चाळीस वर्षं फायद्यासाठी खरं मोजत होता असं धरलं, तर चाळीस वर्षांनी त्याच्या हाताला खोटं मोजता तरी येईल का? मला नाही वाटत. कुठंतरी मधेच केव्हातरी फायदा गळून पडला असणार आणि नुसतं खरं मोजणं उरलं असणार, त्याचं त्यालाही कळलं नसेल कोणत्या वर्षी.

इथपर्यंत आबाजींचं कौतुक झालं. इथंच थांबलो असतो तर बरा लेख झाला असता, घरच्यांना पण आवडला असता. पण गोठ्यात एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात एक कप होता.

कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो आमच्या सालदाराचा कप. सालदार बौद्ध होता. सकाळी तो गोठ्यात यायचा, झाडझूड करायचा, मग स्वतःच कप काढून विसळायचा आणि ओट्याखाली उभा राहायचा. आई वरून चहा ओतायची, चहाचं भांडं कपाला लागू न देता. मी एकदा विचारलं की त्याला आपल्यातला कप का नाही. आबाजी म्हणाले, "तो त्याचा कप हाय." म्हणजे जसं हे माझं धोतर आहे, तसं. आवाजात राग नाही, घाण नाही, काहीच नाही. तेच मला आता जास्त भयानक वाटतं.

आणि हाच आबाजी त्याच सालदाराला सालाची ज्वारी मोजून द्यायचा तेव्हा काटा तोच, माप तेच, पारडं बदलून बघणं तेच. एकदा आजीनं मूठभर ज्वारी वरताळा म्हणून वर टाकली, तर आबाजींनी ती काढून घेतली. आजी चिडली. आबाजी म्हणाले, "वरताळा कायले? तो काय मागाले आला का? त्याच्या हक्काचं हाय ते, तेवढं बरोबर जाऊ दे." या वाक्यात सालदाराबद्दल जेवढा मान आहे ना तेवढा मी आजकालच्या समतेवरच्या भाषणांतही ऐकला नाही. आणि वाक्य बोलून झाल्यावर तो सालदार ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन गोठ्यात गेला आणि त्याच्या कपात पाणी प्याला.

आबाजींनी तरुणपणी गाडगेबाबांना पाहिलं होतं. शेंडगावचा डेबूजी, आपल्याच अमरावती जिल्ह्यातला, १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ गेला. आबाजी सांगायचे की बाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे, कोणाला पाया पडू द्यायचे नाहीत, काठी उगारायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायचे. देव दगडात नाही, शिवाशिव पाळू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. याच बाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना कुठं टेकायला जागा नव्हती त्यांना जागा पाहिजे म्हणून, आणि पुढं ती बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. हे सगळं आबाजींना पाठ. 'गोपाला गोपाला' म्हणताना त्यांचा आवाज कापायचा, डोळ्यात पाणी यायचं, खरं पाणी, नाटक नाही. आणि कप कोनाड्यात.

तर ॲरिस्टॉटलशी माझं इथं जमत नाही. त्याचं म्हणणं असं होतं की खरी समज आली की सगळे सद्गुण एकत्र येतात, एक पूर्ण असला की बाकीचे असणारच. नाही राजेहो. मी डोळ्यानं बघितलंय. चांगुलपणा वावरासारखा असतो, एका कोपऱ्यात गुडघाभर काळी माती आणि दहा पावलांवर मुरूम. सातबारा एकच. आणि मालकाला वाटतं आपलं सगळंच वावर काळं आहे, कारण तो कायम त्याच कोपऱ्यात उभा राहून बघतो. काट्याच्या बाबतीत आबाजी रोज पारडं बदलून बघायचे, कपाच्या बाबतीत एकदाही बदलून बघितलं नाही. ते पण तपासायची वस्तू आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही.

कप आईनं संपवला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. एक दिवस तिनं सालदाराला स्टीलच्या ग्लासात चहा दिला, घरातल्याच, आणि आबाजींनी बघितलं तेव्हा म्हणाली, "कप फुटला मामंजी." फुटला नव्हता. उकिरड्यावर मी तो अख्खा बघितला होता, कान सोडून. तो ग्लास आईनं आपल्या ग्लासांसोबतच घासला आणि मांडणीवर लावला. आबाजी काही बोलले नाहीत. त्यांना कळलं असणार, म्हातारा इतका भोळा नव्हता. दोन दिवस ओट्यावर बसून चहा प्यायले नाहीत, तिसऱ्या दिवशी प्यायले. कान्ट तर म्हणतो खोटं कधीच बोलायचं नाही, कोणाचा जीव वाचत असेल तरी नाही. आईला तिथं पण नापासच केलं असतं त्यानं. तिला विचारलं तर ती याला काही मोठं समजत नाही, म्हणते, "मले लाज वाटे बाप्पा वरून चहा ओताची, म्हनून."

आता माप कशाला हवं होतं ते.

आमच्या वावरात पऱ्हाटी असते, दरवर्षी. दिवाळीनंतर वेचा जोरात सुरू होतो, बारा बाया येतात, दहा रुपये किलोनं. सकाळी दहिवरात ओटी बांधून सुरू करतात आणि संध्याकाळी धुऱ्यावर गाठोडी लागतात, मग मी स्प्रिंगचा ताणकाटा निंबाच्या फांदीला टांगतो आणि मोजतो, वहीत लिहितो. एका बाईचे दिवसाला वीस-वीस किलोचे दोन गाठोडे तरी होतात. तर तो काटा आदल्या आठवड्यात बंडीतून पडला होता. शेजारी गव्हाला टाकायला थोडा युरिया मागायला आला, म्हणून सहज बंद बॅग टांगली. बॅग ४५ किलोची येते. काट्यानं ४४ दाखवलं.

मी मनात काय म्हटलं? बॅगच कमी भरली असेल. सगळे चोर आहेत.

आणि संध्याकाळी त्याच काट्यावर बारा बायांचा कापूस मोजला.

मला कळलं होतं. हे मी कबूल करतो, मला त्याच मिनिटाला कळलं होतं, कारण मी मापाऱ्याचा नातू आहे, आणि काट्याचा काटा जरासा वाकलेला दिसत होता. रिकामा असताना तो शून्याच्या खिळ्याला टेकून अगदी सरळ उभा राहायचा. पण 'कळलं' आणि 'कळलं असं स्वतःला सांगितलं' यात चार दिवस गेले. पहिल्या दिवशी घाई होती. दुसऱ्या दिवशी ढग आले होते, कापूस भिजेल म्हणून टेन्शन. तिसऱ्या दिवशी मी वजन करायचं काम पुतण्याला सांगितलं, आणि हे मी का केलं ते मला तेव्हाही माहीत होतं. चौथ्या दिवशी रात्री माळ्यावर चढलो. दहा किलोचं माप टांगलं. नऊ.

हिशोब करा. गाठोड्यामागं एक किलो, दिवसाला चोवीस किलो, चार दिवसांचे ९६० रुपये. एका बाईचे ८०. मी वाईट माणूस नाही, मी ८० रुपयांसाठी कोणाला बुडवणार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि मी खरंच ८० रुपयांसाठी बुडवलं नव्हतं, मी लाज वाटू नये म्हणून बुडवत होतो, ते तर अजूनच स्वस्त झालं. आणि पारडं बदलून बघितलं तर? काटा एक किलो जास्त दाखवत असता, माझ्या खिशातून जात असते, तर मी चार दिवस थांबलो असतो का? चार मिनिटं नसतो थांबलो. माझा कापूस विकायला जातो तेव्हा मी व्यापाऱ्याच्या काट्याकडं असा डोळे फाडून बघतो की तो म्हणतो साहेब, तुम्हीच मोजा.

बाबा आमट्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, वरोऱ्याला पावसात रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगानं झिजलेला तुळशीराम पडलेला दिसला आणि हा एवढा धाडसी माणूस घाबरून पळाला. मग स्वतःच्या भीतीची लाज वाटली, परत आले, त्याची सेवा केली, आणि पुढं १९४९ मध्ये आनंदवन उभं राहायला लागलं. आपण आनंदवन लक्षात ठेवतो. मला आजकाल तो पळण्याचा आणि परत येण्याच्या मधला वेळ आठवतो. आमटे परत त्याच्यापाशीच आले. दुसऱ्या कोण्या रोग्याची सेवा करून त्यांनी हिशोब मिटवला नाही.

मी काय केलं सांगतो. दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन डिजिटल काटा आणला. बायांना म्हटलं, जुना बिघडला. कधी बिघडला ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. आणि मग संक्रांतीच्या आधीच्या वेच्याला, हिशोब करताना, प्रत्येकीला शंभर शंभर रुपये जास्तीचे दिले, संक्रांत आहे म्हणून, बांगड्या भरा. ऐंशी त्यांचे आणि वीस वर. त्यांचं हक्काचं होतं ते मी वरताळा म्हणून दिलं, आणि वर हात जोडून घेतले.

त्यातली एक म्हातारी आहे, तिचा नवरा आबाजींच्या वेळी बाजारात हमाल होता. तिनं नोट कपाळाला लावली. डिजिटल काट्याच्या लाल आकड्यांकडं बघत म्हणाली, "हा काटा चांगला हाय बाबू. आबाजीवर गेला तू." मी म्हटलं, अहो काही नाही मावशी, चहा घ्या.

चहा थर्मासातला. बायांसाठी कागदी कपांचं पाकीट आणलं होतं, डिस्पोजल, धुवायची कटकट नको म्हणून, सगळेच आणतात आजकाल. तिनं फुंकून फुंकून पिला, कप चुरगाळला आणि धुऱ्यावर टाकला. मी माझा स्टीलचा कप विसळून पिशवीत ठेवला.